डावीकडची जाड पट्टी

भोरच्या सरांनी माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. चार माणसांत शब्द दिला, सुपारी फोडली, आणि वाचनालयाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो शब्द मोडला. भांडण कॉम्प्युटरच्या पडद्यावरून झालं म्हणून लोक हसतात. पडद्यावरची पट्टी डावीकडे असावी की खाली, एवढ्यावरून एवढा तमाशा कशाला, असं माझ्या नवऱ्यानंही विचारलं होतं. त्याला तेव्हा मी शिवी दिली. आता नीट सांगते.

विंझरला रस्त्याच्या कडेला माझं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, लाइटबिल, ऑनलाइन फॉर्म. हे दुकान मला कुणी उभं करून दिलेलं नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी सारोळ्याला हायवेच्या कडेला टोपली घेऊन बसले. नवऱ्याचा टेम्पो त्या बाजूला जायचा, तो मला पुलाअलीकडे उतरवून पुढं जायचा. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसाळ्यात भाजलेली कणसं. मोटारीतून उतरणाऱ्या माणसाच्या चपला बघून भाव सांगायचा आणि तो परत गाडीत बसून काच वर करेपर्यंत खाली यायचं नाही, हे मी तिथं शिकले. आणखी एक शिकले. आपण विकत घ्यायला गेलो तर जी वस्तू हवी असेल तिलाच नावं ठेवायची. ज्याची स्तुती केली ते महाग पडलंच म्हणून समजा. ही सवय माझ्या हाडात गेली, आणि पुढं तिनंच माझा घात केला.

दुकान टाकायचं ठरवल्यावर पुण्यात एका जुना माल घेणाऱ्याकडे गेले. कुठल्यातरी ऑफिसातून काढलेले कॉम्प्युटर त्यानं भिंतीला लावून रचले होते. मी प्रत्येकावर धूळ दाखवली, ओरखडे दाखवले, एकाचा पंखा घरघरतो म्हणून कानाला हात लावला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, आधीच सांगतो, यात विंडोज नाही."

"मग काय रिकामी डबडी विकतोस का?"

"लिनक्स टाकून देतो. फुकट असतं ते."

"फुकटच आहे तर भावात धरू नकोस."

तो हसला आणि लिनक्स टाकून दिलं. वर एक पेनड्राइव्हही दिला, मी मागितला म्हणून.

लिनक्सचं असं असतं की आतलं यंत्र एकच, पण त्याचं तोंड आपल्याला हवं ते लावता येतं. खिडक्या कशा उघडतील, चित्रांची पट्टी कुठं असेल, बटणं केवढी, हे सगळं ते तोंड ठरवतं. त्याला डेस्कटॉप म्हणतात. एकाच मशीनवर चार चार ठेवता येतात आणि चालू करताना आपल्याला हवा तो निवडता येतो. फुकटचे चार आहेत म्हटल्यावर मी चारही तपासून बघितले. एकेक आठवडा एकेकावर काम केलं.

पहिलं ग्नोम, ते उघडलं तर समोर काहीच नाही. मोठ्या साडीच्या दुकानासारखं. गादीवर बसवतात, पाणी देतात, आणि माल आतून एकेक आणून दाखवतात. ज्यांचा हात बसला ते त्यात झपाझप काम करतात, हे मी पाहिलंय. पण मला माल समोर लागतो. केडीई म्हणजे लग्नाची पंगत. वाढतच असतात. घड्याळ जरा मोठं करायला गेले तर त्या घड्याळाच्याच सेटिंगांची इतकी पानं निघाली की दारातलं गिऱ्हाईक निघून गेलं. सिनॅमन आवडलं होतं, खरं सांगते, पण माझी मशिनं म्हातारी, त्यांना ते ओढवेना. एक्सएफसीई मात्र आमच्या बाजारातल्या किराणा दुकानासारखं निघालं. पोत्यांची तोंडं उघडी, हात घालून बघा. थोड्या मेमरीत चालतं. काल जिथं ठेवलं तिथंच आज सापडतं. मला न विचारता स्वतःचं शहाणपण करत नाही. नटवं नाही, आणि मलाही कुणी कधी नटवी म्हटलेलं नाही. तेच ठेवलं.

इथंवर ती माझी आवड होती. आवडीवरून मी कुणाशी भांडत नाही. कुणाला कारल्याची भाजी आवडते, कुणाला नाही. पण आक्का दुकानात येऊन बसायला लागली, आणि त्यानंतर तो आवडीचा प्रश्न राहिला नाही.

आक्का माझी सख्खी बहीण आणि थोरली जाऊही. उत्रोलीच्या एका घरातून आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या. पाचसहा वर्षांमागे तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. तिला बरोबर मधलं पुसल्यासारखं दिसतं, कडेचं मात्र दिसतं. तुमच्या तोंडाकडे बघायचं असेल तर ती तुमच्या कानाकडे बघते. नव्या माणसाला वाटतं, बाईला बोलण्यात रस नाही.

आमच्याकडे भात पिकतो. घरातल्या बाईची किंमत ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली की कळते. एकदा जेवताना खडा लागला, मग पुन्हा एकदा लागला. दुसऱ्या दिवशी सूप आक्काच्या जागेवर नव्हतं, एवढंच. पुढं चूल गेली, मग पाहुण्यांना चहा देणं गेलं. चांगली दहावी शिकलेली बाई ओट्यावर बसून कोंबड्या हाकायला लागली. मी तिला दुकानात आणलं ते घरी बसून ती आणखी खचू नये म्हणून, दुसरा काही विचार नव्हता.

एक दिवस मी फॉर्म भरत असताना ती बाजूला बसली होती. एकदम म्हणाली, "हितं काय हाय गं?"

"कुठं?"

"ह्या डाव्या कडंला. कायतरी हिरवं चमाकतंय."

ते एका खिडकीचं चित्र होतं, चुकून कडेला सरकलेलं. मी हातातलं काम टाकलं. खालची पट्टी उचलून डाव्या कडेला उभी केली. जाड केली, आणखी जाड केली. सगळी बारकी चित्रं काढून टाकली आणि सहाच ठेवली, प्रत्येकाचा रंग वेगळा. मागचा पडदा काळा केला, अक्षरं पिवळी आणि ही एवढाली. माउसचा बाण अंगठ्याएवढा केला. एक्सएफसीईत हे सगळं बसवायला मला चारपाच दिवस लागले, कारण मी बदलायची आणि ती सांगायची, "आजून वर. न्हाई, लई वर गेलं." कीबोर्डवर चार ठिकाणी मेणाचे ठिपके दिले. मराठी टायपिंग मी तिला शिकवलं, ते बोटांच्या सवयीचं काम आहे, त्याला डोळे कमी पुरतात. कागद ती नाकाजवळ तिरका धरायची आणि बोटं आपली चालत राहायची.

वर्षभरात अशी वेळ आली की दुकानात येणारी माणसं माझ्यासमोर उभी राहून विचारायची, "आक्का न्हाईत का? मग उद्या येतो." आपलंच दुकान, आपल्यालाच परत पाठवतात. मी वरवर चिडायचे.

सर आले ते त्याच सुमारास. सर भोरचे, कचेरीतून निवृत्त झालेले. कधी शिकवलं नाही, तरी सगळे सर म्हणतात. आमच्या शेजारच्या गावात वाचनालय आहे, त्याच्या समितीचे ते मुख्य. वाचनालयाला कुणीतरी जुने कॉम्प्युटर देणगी दिले होते, ते चालू करून देणारं कुणी नव्हतं. समितीतले तिघं बरोबर घेऊन ते माझ्या दुकानात आले. मी खुर्ची पुसून दिली. हे मी सहसा करत नाही.

"तुम्ही स्वतः कुठलं वापरता?" सरांनी विचारलं.

आक्काला त्या वाचनालयात बसवायचं माझ्या मनात होतं, आणि तिच्यासाठी मला हवी होती ती गोष्ट आता सौद्यात आली होती. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "ते होय? एक्सएफसीई. काय बघायचंय त्यात, जुनाट आहे. दिसायला तर अगदीच भिकार."

"मग आमच्याकडे जरा बरं लावा. माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर केडीई आहे. खिडकी ओढली की जेलीसारखी थरथरते. फारच छान."

"लावते की. पण सर, माझं एक ऐका. मला बसवायची मजुरी नको. पुस्तकांच्या नोंदी करायला माझी बहीण बसेल. आणि तिच्या एका मशीनचं तोंड मी लावीन तेच राहील. भिकार का असेना, तुमच्या कशाला आड येतंय?"

"राहील. त्यात काय एवढं!"

मला वाटलं, फुकटात पदरात पाडलं. सरांनी खिशातली सुपारी काढली, माझ्याच अडकित्त्यानं फोडली आणि पाचजणांत वाटली. आमच्यात ठरलं की असं करतात. मग त्यावर कागद करायची रीत नाही. मी टेम्पोच्या भाड्याचंसुद्धा लिहून घेणारी बाई. पण सरांसारखा माणूस माझ्या दुकानात बसून माझी सुपारी, म्हणजे त्यांची सुपारी, खात होता, आणि मी हुरळले. हे मी लपवत नाही.

बाकीच्या मशिनांवर मी सरांच्या मनासारखं केडीई लावलं, जेलीसकट. एका मशीनवर आक्काचं वेगळं खातं केलं आणि तिथं तिचं एक्सएफसीई, डावीकडच्या जाड पट्टीचं. दोन्ही सुखानं शेजारी शेजारी चालत होती. आक्का रोज चालत जायची, पायवाटेनं, एकटी. पुस्तक उचलायचं, नाकाशी धरायचं, नाव, लेखक, कपाट, खण. तीन कपाटं तिनं नोंदवली. घरी आली की जेवताना पुस्तकांची नावं सांगायची. एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आधी तिला वाढा, तिला उशीर व्हतोय." माझ्या हातातली परात तशीच राहिली. कितीतरी दिवसांत त्या घरात आक्काला उशीर होण्यासारखं काही नव्हतं.

मग कार्यक्रम ठरला. पुण्याहून पाहुणे येणार, देणगीची मशिनं बघणार. भोरहून फ्लेक्स छापून आला, वाचनालयाच्या दाराएवढा. एका बाजूला सर हात जोडून, दुसऱ्या बाजूला पाहुणे, आणि मधोमध कॉम्प्युटरचा पडदा. निळा, खाली पट्टी असलेला, सरांच्या मुलाच्या लॅपटॉपवरचा. फ्लेक्स लागल्यावर सरांच्या लक्षात आलं की एक मशीन त्याच्यासारखं दिसत नाही. त्यांनी मला फोन केला नाही. आक्काला त्या दिवशी "उद्या गर्दी आहे, आज आराम करा" म्हणून घरी ठेवलं, पुण्याहून मुलाच्या ओळखीचा एक माणूस बोलावला आणि ते मशीन पुसून सगळ्यांसारखं करून घेतलं. आक्काचं खातं गेलं. नोंदी तेवढ्या दुसऱ्या मशीनवर ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. त्या नोंदींची सरांना गरज होती.

सकाळी मी आक्काबरोबर गेले. तिनं नवी साडी नेसली होती. खुर्चीवर बसली, मान नेहमीसारखी उजवीकडे वळवली, म्हणजे पडद्याची डावी कड तिला दिसेल. डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

"हितलं गेलं कुठं?" ती म्हणाली.

मी पुढं होऊन पाहिलं आणि तडक सरांकडे गेले. ते दाराशी हार मोजत होते.

"सर, आक्काचं मशीन कुणी बदललं?"

"सगळी एकसारखी केली. एक वेगळं दिसलं की बरं दिसत नाही."

"मला अर्धा तास द्या. तुमचं केडीईच राहू द्या, मी नाही म्हणत नाही. त्यातही पट्टी डावीकडे नेता येते, जाड करता येते, अक्षरं मोठी होतात. तेवढंच करते."

"आता काही हलवू नका ताई. फ्लेक्सवर जसं आहे तसं दिसलं पाहिजे. पाहुणे आधी फ्लेक्स बघणार, मग मशीन."

"फ्लेक्सकडे बघून काम करणार का माझी बहीण?"

"आवाज खाली."

समितीतला एक म्हातारा माणूस, जो त्या दिवशी दुकानात होता, हळूच म्हणाला, "सर, सुपारी फुटली हुती त्यावर."

सर त्याच्याकडे वळले. "कशावर? बाईच म्हणाल्या होत्या ना, जुनाट आणि भिकार आहे म्हणून? तुम्हीही ऐकलंत. मी उलट सुधारून दिलं."

तो म्हातारा हार उचलून आत गेला. माझंच वाक्य त्यांनी माझ्यावर उलटवलं होतं. भाव पाडण्यासाठी बोललेलं वाक्य खरं धरायचं नसतं, हे सरांना समजत नव्हतं असं मला वाटत नाही. ते भोरच्या बाजारात मेथीची जुडीसुद्धा घासाघीस करून घेतात.

पाहुणे उशिरा आले. आधी पोहे, मग चहा, मग हार. दोन वेळा पट्टी हलवून झाली असती. मग सगळे आत आले आणि सरांनी आक्काला सांगितलं, "एखादं पुस्तक शोधून दाखवा."

आक्कानं माउस धरला. बाण बारीक, तो तिला मधल्या पुसलेल्या जागेत हरवला. तिनं अंदाजानं ओढलं तर खिडकीच ओढली गेली आणि ती जेलीसारखी थरथरली. पाहुण्यांतला एकजण हसला. तिला नव्हे, त्या थरथरण्याला हसला असेल. पण आक्काला ते कसं कळणार? तिनं पडदा दिसावा म्हणून मान वळवली, तर पाहुण्यांना वाटलं बाई खिडकीबाहेर बघतेय. कुणीतरी म्हणालं, "इकडे बघा, इकडे." ती आणखी वळली.

सरांनी तिच्या हातावरून माउस काढून घेतला. माइक दुसऱ्या हातात होताच. त्यात बोलले, "या अजून शिकतायत."

तीन कपाटं नोंदवलेली बाई.

मी माइक ओढला. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही, गावाला मात्र सगळं पाठ आहे. फ्लेक्सचा एक कोपरा फाटला, तोही म्हणे मीच फाडला. असेल. माझा राग असाच आहे, तो आला की माझी बाजू खरी असली तरी ऐकणाऱ्याला खोटी वाटते. सरांनी आवाज चढवला नाही. हात जोडून उभे राहिले, फ्लेक्सवर होते तसेच. आणि आता गाव म्हणतं, पाहुण्यांसमोर हिनं तमाशा केला. सुपारीचं कुणी काढत नाही.

आक्काच्या सगळ्या सेटिंगांची नक्कल माझ्या पेनड्राइव्हवर होती. मी एवढी बावळट नाही. दोन दिवसांनी तो घेऊन गेले. सर म्हणाले, समितीत ठरवू. समिती बसली, त्यात रंगकामाचा विषय झाला, चपलांच्या कपाटाचा झाला. हा झाला नाही. आक्काच्या जागी सरांनी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतं तर निदान मला कारण कळलं असतं. कुणालाच बसवलं नाही. मशिनांवर चादरी घातल्यात. चौथ्या कपाटापासून पुढं एकही नोंद झालेली नाही.

मी आक्काला म्हटलं, दुकानात तरी ये. तुझं मशीन तिथं तसंच आहे.

"नको गं," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं ना त्यांनी, शिकतीया म्हनून. आता गिऱ्हाईक मला कागद दील व्हय?"

"म्या देते की."

"तू बहीण हाईस."

ती परत ओट्यावर बसते. सासूबाई पुन्हा शेवटी वाढतात. मी दुकानातून दुपारी घरी येते तेव्हा ती माझ्या कानाकडे बघून विचारते, "जेवलीस का?" आणि मला पुण्याच्या त्या हसलेल्या पाहुण्याच्याही दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात, ज्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

डेस्कटॉप कुठला चांगला यावर वाद घालायला मला कुणाशीही आवडेल. केडीई सुंदर आहे असं सरांना वाटतं, वाटू दे. पट्टी खाली असलेली त्यांना शोभते, ठेवू दे. माझं मागणं त्याबद्दल नाही. मला माझ्यासाठी माफीही नको. मी माइक ओढला तेव्हा माझं माझं फिटलं.

सर, तुम्ही हे वाचाल, कुणीतरी तुम्हाला वाचायला देईलच. तुम्ही माइकवर जे बोललात ते त्याच माइकवर, त्याच लोकांसमोर परत येऊन बोला. आक्का तिथं असेल, मी तिला हाताला धरून आणीन. तिच्या तोंडाकडे बघून सांगा की ती अजून शिकतेय. आणि ते सांगून झालं की एवढंच सांगा, तुमच्या वाचनालयातली ती तीन कपाटं मग कुणी नोंदवली? उत्तर मला देऊ नका, तिला द्या. आणि मोठ्यानं द्या, ती तुमच्या कानाकडे बघत असली तरी तिला ऐकू नीट येतं.